पाठमोऱ्याच्या डाव्या बाजूला

४ जानेवारी

दादा,

"पत्रातून सांगते" म्हणाले तर तू फोनवर हसत सुटलास. पण आमच्याकडे तसाच नियम आहे. बाजारात न आलेल्या खेळाबद्दल फोनवर, ईमेलवर, कुठेच अवाक्षर काढायचं नाही. मात्र तपासणाऱ्या प्रत्येकाला एक 'घरचा खेळाडू' निवडता येतो. या धंद्याशी काही देणंघेणं नसलेला माणूस हवा. त्यानं खेळायचं आणि चांगलं काय, वाईट काय, ते हातानं लिहून पोस्टानं कळवायचं. मी तुझं नाव दिलं. सोबत डिस्क आहे. भाचेमंडळींनी सोडून दिलेलं ते यंत्र अजून टीव्हीखाली धूळ खात असेलच.

वहिनी म्हणाली, दोन दिवस डोकं धरून झोपला होतास आणि चालताना झोकांड्या जात होत्या. पित्त, असं तूच ठरवलंस म्हणे. डॉक्टरकडे गेला असतास तर नवल. आता आठवडाभर घरी आहेस तर बसून खेळ.

गोष्ट साधी आहे. विझलेल्या सूर्याभोवती फिरणारं एक शहर, आत अडकलेली माणसं आणि त्यांना बाहेर काढणारा एक दुरुस्तीवाला. त्याला मागून पाहत चालवायचं. लढाया पुष्कळ आहेत. मला गोड गोड काही लिहू नकोस. आमच्या खात्यात एकच शिस्त आहे: खोट सापडली की त्याच दिवशी वर कळवायची, मग ती कुणाचीही असो. साहेबांच्या स्वतःच्या चुकाही मी कळवल्या आहेत आणि तरी नोकरी टिकून आहे.

वहिनीला नमस्कार.

तुझी मुंगी


१९ जानेवारी

मुंगीस आशीर्वाद.

आधी चांगलं. खेळात वजन आहे. दुरुस्तीवाला लोखंडी दार ढकलतो तेव्हा ते खरोखर जड वाटतं. टीव्हीवर सगळं कागदाचं असल्यासारखं उडतं, तसं इथे नाही. चुंबकाच्या बुटांचा आवाज मला फार आवडला. हवा संपत आली की सगळे आवाज बंद होऊन फक्त त्याचा श्वास ऐकू येतो, तेव्हा वहिनीसुद्धा कणीक मळायची थांबली होती. आणि ज्यानं तो माल उचलायचा यांत्रिक हात बनवला त्याला माझा सलाम सांग. ओझं आधी झुलतं, मग थांबतं, मग उतरतं. हा माणूस कधीतरी क्रेनखाली उभा राहिलेला असणार.

आता वाईट. त्या दुरुस्तीवाल्याचं तोंड बंद करा. दार उघडलं की "दार उघडलं" म्हणतो. आम्हाला दिसतंय ना बाबा. नकाशा कुणी काढला त्याला एकदा आमच्या यार्डात आणून सोड, परत घरी पोचणार नाही. त्या डॉक्टरणीला गोष्टीत काही कामच नाही, नुसती मागे मागे फिरते. आणि दुरुस्तीवाल्याचा चेहरा काही दिसत नाही. चार दिवस मी एका माणसाची नुसती पाठ बघतोय. आम्ही त्याचं नाव पाठमोरा ठेवलंय. शेवटी तरी वळतो का?

सगळ्यात मोठी खोट डावीकडे आहे. ती अर्धी झुरळं, अर्धी यंत्रं उजवीकडून आली तर मी आरामात टिपतो. डावीकडून येतात ती मात्र येतच नाहीत, एकदम अंगावर असतात. आवाज नाही, सावली नाही. मेलो की कळतं. पहिल्या दिवशी वाटलं, आपलं वय झालं. पण उजवीकडे माझा नेम तुझ्या भाच्यांपेक्षा सरस आहे, तेव्हा खोट तुमचीच.

सोमवारपासून कामावर जातोय. वर क्रेनच्या केबिनमध्ये बरं वाटतं. खाली शिट्टीमास्तर आहे. त्याची शिट्टी आणि माझा हात, अकरा वर्षं आमचं एकदाही चुकलेलं नाही. वहिनी रुसली आहे, म्हणते ताटातलं अर्धं तसंच टाकून उठता, आवडत नसेल तर सांगा. भूक कमी झाली असेल, दुसरं काय.

दादा


२ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र बैठकीत मोठ्यानं वाचलं. "आम्हाला दिसतंय ना बाबा" ला साहेब स्वतः हसले. त्याची बडबड निम्म्यानं कमी होणार आहे.

पण खरी शाबासकी डाव्या बाजूला मिळाली. आम्ही चाळीस माणसं वर्षभर हा खेळ खेळतोय आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आपण पाठमोऱ्याच्या उजव्या खांद्यावरून बघतो, म्हणून तो स्वतः पडद्यावर डावीकडे उभा असतो आणि त्याच्याच अंगानं डावी बाजू झाकली जाते. आम्हाला सवय झाली होती, तुझी नजर ताजी. सगळे म्हणाले, क्रेनवाल्याचे डोळे ते क्रेनवाल्याचे डोळे. मी दिवसभर मिरवत होते.

आता कॅमेरा मागे ओढला आहे, पाठमोरा बारीक झाला आहे. नवी डिस्क पाठवते. डावी बाजू नीट बघून कळव. वळतो की नाही ते सांगणार नाही. शेवटपर्यंत जा.

वहिनीला म्हणावं, रुसू नकोस, हा लहानपणीही जेवताना पुस्तकात असायचा.

मुंगी


१५ फेब्रुवारी

मुंगीस,

तुमच्या लोकांनी कॅमेरा मागे नेला आणि वाट लावली. पूर्वी पाठमोऱ्याच्या खांद्याचं वजन जाणवायचं. आता तो खेळण्यातल्या माणसासारखा दिसतो. आणि डावीकडचं जिथल्या तिथे. काल पुलावर नऊ वेळा मेलो. धाकटा मागे उभा राहून "बाबा डावीकडे, डावीकडे" ओरडत होता, मी म्हटलं, कुठे? मान वळवून बघितलं तेव्हा होतं खरं.

पण एक प्रसंग तुमच्या माणसांनी फार चांगला केला आहे. जोडीदार दाराआड अडकतो आणि पाठमोरा दार कापत राहतो, आतली ठोकाठोक थांबते, तरी हा कापतच राहतो. तिथे मला बटण दाबायला लावलंत. दाबायचं थांबलं की तो थांबणार, म्हणून मी दाबत राहिलो. आत कुणी नाही हे माहीत असून. असलं आणखी ठेवा, झुरळं कमी करा. एकसारख्या लढायांचा कंटाळा येतो.

माझी एक सूचना. डावीकडचं दाखवता येत नसेल तर ऐकवा. एक शिट्टीमास्तर ठेवा खेळात. काही जवळ आलं की बारीक शिट्टी. आमचं असंच चालतं. गेल्या आठवड्यात कंटेनरचा कोपरा खांबाला घासला, तेव्हापासून आमचा शिट्टीमास्तर माझ्या उजव्या हाताला उभा राहतो आणि डावीकडचं सगळं शिट्टीवर सांगतो. मी काही बोललो नाही, त्यानंही काही विचारलं नाही.

दरवाज्याच्या चौकटी घरात कुणी अरुंद केल्यात की काय देव जाणे. डावा खांदा काळानिळा झालाय.

दादा


१ मार्च

दादा,

शिट्टी बसवली. नजरेआड काही आलं की बारीक वाजते, जवळ आलं की वाढते. कचेरीत सगळे खूश आहेत. ज्यांना दिसत होतं तेही म्हणतात, आता शहर जिवंत वाटतं. साहेब म्हणाले, हाच या खेळाचा सर्वांत चांगला गुण ठरणार. कॅमेराही परत जवळ आणला, तुझ्या 'खेळण्यातल्या माणसा'चा त्यांना राग आला होता, पण पटलं.

फक्त एक चाचणी करून दे. शिट्टी बंद करायचं बटण मेनूत आहे. ती बंद कर आणि 'खांदा बदल' निवड. मग आपण डाव्या खांद्यावरून बघतो, पाठमोरा उजवीकडे सरकतो आणि डावी बाजू मोकळ्या मैदानासारखी होते. पूल तसा पार करून बघ. तुला जमला की ही खोट कागदोपत्री बंद करते.

खांद्याला काय झालं? गंमत म्हणून लिहिलंस की खरंच लागलंय?

मुंगी


११ मार्च

मुंगीस,

शिट्टी लावून तीन टप्पे एका बैठकीत पार केले. वहिनी म्हणाली, घरात आता कामावरची शिट्टी पण आणलीत. झकास झालं आहे.

तुझी चाचणीही केली. शिट्टी बंद, खांदा बदलला. पाठमोरा उजवीकडे गेला, डावीकडे त्याचं काही आडवं येत नाही हे मलाही कळलं. तरी तेच. पूल रिकामा असतो आणि पुढच्या क्षणी मी मेलेला असतो. काळोख नाही, धूसर नाही, काहीच नाही. तेव्हा तुमच्या कॅमेऱ्याचा हिशोब साफ चुकला. खोट बंद करू नकोस, आणखी खोल आहे. तुमच्या इंजिनिअरांना म्हणावं, नीट शोधा.

दादा


१५ मार्च

दादा,

तुझं पत्र बैठकीत वाचलं नाही. माझ्याकडेच ठेवलं.

मी आधी स्वतः तो पूल पार केला. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दिला, मग पहारेकऱ्याला दिला, ज्यानं आयुष्यात असलं काही हातात धरलेलं नाही. तिघांनाही डावीकडून येणारं लांबूनच दिसलं. पहारेकरी म्हणाला, एवढं ढळढळीत आहे, यात तपासायचं काय?

म्हणून तुला काल फोन केला आणि तू हसण्यावारी नेलंस. "बहिणीनं भावाला आंधळा ठरवला" म्हणून वहिनीला सांगून मोकळा झालास. आता लिहून विचारते, म्हणजे हसता येणार नाही. ताटातलं अर्धं टाकतोस ते डावीकडचं का? चौकट लागते ती डाव्या खांद्याला. खांबाला घासलेला कोपरा कुठला होता? धाकटा ओरडत होता ते कुठल्या बाजूला? पित्तानं माणूस दोन दिवस झोकांड्या खात नाही. तुझ्या डोक्यात काहीतरी झालं, दादा, आणि मी ते दोन महिने खेळाची खोट म्हणून वाचत बसले. वर शाबासकी घेतली.

तुला डावीकडचं दिसतं का? एवढंच सांग. तू वर केबिनमध्ये बसतोस आणि खाली माणसं चालतात. माझा जीव थाऱ्यावर नाही.

यार्डाच्या ऑफिसचा नंबर माझ्याकडे आहे.

मुंगी


२१ मार्च

मुंगीस,

रागावून तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं.

तू विचारलंस म्हणून काल वर केबिनमध्ये बसून मुद्दाम पाहिलं. सरळ समोर नजर ठेवली. उजवीकडे फाटकापर्यंत दिसतं. डावीकडे माझा स्वतःचा हात दांड्यावर होता आणि तो मला दिसत नव्हता. मान वळवली तर जागेवर होता. इतके दिवस मी मान वळवत आलोय, ते मला ठाऊकच नव्हतं. तुला खोटं वाटेल, पण आपल्याला काय दिसत नाही ते कसं दिसणार?

डोळ्यांची तपासणी फेब्रुवारीतच झाली. समोरच्या पाटीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. शिक्का मिळाला. सरळ समोरचं मला आजही तुझ्यापेक्षा चांगलं दिसतं.

ऑफिसला फोन करू नकोस. हात जोडून सांगतो. एकदा खाली उतरवलं की मला पुन्हा कुणी वर चढू देणार नाही. मी खाली काय करणार? फाटकावर बसून ट्रक मोजू? महिनाअखेरीला डॉक्टरकडे जातो, ते म्हणतील तसं करतो, स्वतः उतरतो. तोवर शिट्टीमास्तर आहे. त्याला सगळं कळलेलं आहे, बोलत नाही एवढंच. तो उजवीकडे उभा असेपर्यंत खाली केसालाही धक्का लागणार नाही. तुझ्या खेळात शिट्टीवर सगळे भागवतायत ना? तसंच.

दादा


२६ मार्च

दादा,

ठीक आहे. महिनाअखेरीपर्यंत. फोन केला नाही. रोज उचलून खाली ठेवते.

तू स्वतः उतरलास तर तुझा मान राहील, म्हणून थांबते. डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली की त्याच दिवशी मला कळव. शिट्टीमास्तरला माझा नमस्कार सांग आणि त्याला म्हणावं, डोळ्यांत तेल घालून उभा राहा.

मुंगी


११ एप्रिल

मुंगीस,

मी वहिनी लिहिते आहे. फोनवर तुला नुसतं "अपघात झाला, हे बरे आहेत" एवढंच सांगितलं. समोर माणसं बसली होती.

यांनी शब्द पाळला. तीस तारखेला दवाखान्यात गेले. त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं, तिथली वेळ सहा तारखेची मिळाली. हे म्हणाले, एवढे दिवस गेले, आणखी सात दिवस काय. चार तारखेला शिट्टीमास्तरला ताप भरला आणि तो आला नाही. त्याच्या जागी दुसऱ्या यार्डातून एक बदली माणूस पाठवला. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. सांगणार कोण, ही गोष्ट दोघांतच होती. तो डावीकडे उभा राहिला. यांनी शिट्टीची वाट पाहिली, शिट्टी वाजली नाही, म्हणून कंटेनर खाली घेतला. तो शिट्टीवाला नव्हताच, हातानं इशारे करणारा होता.

जागच्या जागी गेला. त्याची बायको दुसऱ्या दिवशी यार्डाच्या फाटकाशी आली होती. रडत नव्हती, प्रत्येकाला विचारत होती की ते कुठे उभे होते.

कंपनी म्हणते, तो चुकीच्या जागी उभा होता. यांच्या तपासणीवर शिक्का आहे, त्यामुळे यांना कुणी काही म्हणत नाही. शिट्टीमास्तरनंही चौकशीच्या साहेबांसमोर सांगितलं की यांची नजर उत्तम आहे. आता मोठ्या डॉक्टरांनी डोकं तपासून सांगितलं, मेंदूला झटका येऊन गेलाय. कंपनी म्हणते, अपघाताच्या धक्क्यानं आला असेल.

हे जेवत नाहीत. मी तुझ्या पाया पडते, यांनी तुला लिहिलेली पत्रं जाळून टाक. आम्हाला दोन मुलं आहेत. जाणारा गेला, तो काही परत येत नाही.

वहिनी


२० एप्रिल

मुंगीस,

वहिनीनं तुला काय लिहिलं ते तिनं मला काल सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. ती घाबरली आहे.

तो मोकळ्या जागेत उभा होता, मुंगी. नियमात लिहिलंय, क्रेनवाल्याला दिसेल अशा जागी उभं राहायचं. तो तसाच उभा होता. लाल जाकीट घालून, दोन्ही हात वर करून थांब थांब करत होता. यार्डातल्या सगळ्यांना दिसला. मी एकदा मान वळवली असती तर मलाही दिसला असता. पण मी शिट्टी ऐकत बसलो होतो. मला शिट्टीची सवय लागली होती.

आता त्याच्या बायकोला कागद देणार आहेत की चूक तुझ्या नवऱ्याची. मी चौकशीच्या साहेबांकडे गेलो, म्हटलं मला आधीपासून दिसत नव्हतं. ते म्हणाले, तुम्ही धक्क्यात आहात, घरी जाऊन विश्रांती घ्या. आधीपासून म्हणजे कधीपासून, पुरावा काय? माझ्याकडे शिक्का मारलेला कागद आहे आणि तो उलटंच सांगतो.

पुरावा तुझ्याकडे आहे. "डावीकडून येतात ती येतच नाहीत" हे मी जानेवारीत माझ्या हातानं लिहिलं. तारीख आहे, पाकिटावर टपालाचा शिक्का आहे. खेळाची खोट म्हणून लिहिलं, पण लिहिलं. माझी सगळी पत्रं पाठव. मूळची, नक्कल नको. एकवीस मार्चचंसुद्धा, त्यात मी तुझ्यापुढे हात जोडले आहेत तेही.

तुझी पत्रं माझ्याजवळ आहेत. ती मी कुणाला दाखवणार नाही. तुझं नाव यात कुठे येणार नाही याची काळजी घेतो.

खेळ शेवटपर्यंत झाला नाही. आता होणारही नाही. पाठमोरा वळतो का, ते कळव.

दादा


२५ एप्रिल

दादा,

खेळ मागच्या आठवड्यात बाजारात आला. परीक्षणं येतायत. नकाशा वाईट म्हणतात, एकसारख्या लढायांचा कंटाळा येतो म्हणतात, डॉक्टरणीला काही कामच नाही म्हणतात. सगळं तू आधीच सांगितलं होतंस. आणि शिट्टीचं एकजात सगळ्यांनी कौतुक केलंय. एकानं लिहिलं आहे, या शिट्टीमुळे न दिसणाऱ्या गोष्टीची भीतीच वाटेनाशी होते. साहेबांनी ते वाक्य भिंतीवर लावलं आहे. मला रोज त्याच्यासमोरून जावं लागतं.

पाठमोरा वळतो. माणसं वर पोचतात, सगळे त्याला हाक मारतात, आणि तो मागे वळून आपण सोडून आलेल्या दाराकडे बघतो. तेव्हा चेहरा दिसतो. साधाच आहे, दमलेला. मग पडदा काळा होतो. मला तो शेवट कधी आवडला नव्हता.

तुझी सगळी पत्रं पाकिटांसकट सोबत पाठवते आहे. एकही जाळलं नाही. वहिनीला मी वेगळं लिहिते, मुलांचं शिक्षण माझ्याकडे, हे तिला सांग.

एकच गोष्ट तू म्हणालास तसं होणार नाही. माझी पत्रं लपवू नकोस. सव्वीस मार्चचं तर मुळीच नाही. या खेळातली प्रत्येक खोट मी सापडली त्या दिवशी वर कळवली, बटणाचा रंग चुकला तरी कळवला. ही एक खोट हातात धरून बसले, कारण ती तुझी होती. पंधरा मार्चला मी तो फोन केला असता तर तो माणूस आज फाटकातून घरी गेला असता. त्याच्या बायकोनं विचारलं ते कुठे उभे होते, तर तिला हेही कळू दे की कोणाकोणाला आधीच ठाऊक होतं.

तुझी आणि माझी पत्रं तारखेप्रमाणे एकाखाली एक लाव. तुझ्या पत्रांवरून चौकशीच्या साहेबांना कळेल की तुला दिसत नव्हतं. माझ्या पत्रांवरून कळेल की मला दिसत होतं. दोन्ही दे.

मुंगी